हात अंगापासून दूर धरून उभा असलेला मुलगा : विशेष मुलांना स्वतःचं स्वतः करायला शिकवताना

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार. मी १४ वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. या विषयावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं, पण मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि आता राहवत नाही.

आमच्या वर्गात १५ वर्षांचा एक मुलगा आहे. बौद्धिक अक्षमता आहे, बोलणं मोजकं. मधल्या सुट्टीत तो स्वच्छतागृहाच्या दाराशी उभा दिसला. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, मान किंचित वर. पँटचं बटण उघडायला कोणीतरी येईल म्हणून तो वाट पाहत होता. मला आधी हे कळलंच नाही. कळलं तेव्हा वाईट याचं वाटलं, की हाच मुलगा वर्गात बटणांच्या चौकटीवर पाच बटणं काढतो आणि लावतो. मीच शिकवलंय. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे ‘बटण : येते’ असं लिहिलेलं आहे.

दोन दिवस विचार केल्यावर लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला वाट पाहायला शिकवलंय. ते त्याला पक्कं आलंय, कारण रोज पाच-सहा वेळा त्याचाच सराव होतो.

चौकटीचंही सांगते. बटणं, हुक, नाड्या बसवलेल्या लाकडी चौकटी मारिया माँटेसरींच्या साहित्यातून आल्या. त्यांचं सुरुवातीचं काम बौद्धिक अक्षम मुलांबरोबरच होतं, आणि १९०७ सालचं ‘बालकांचं घर’, म्हणजे त्यांची पहिली शाळा, त्यानंतरची. चौकट चांगलीच आहे, पण ती टेबलावर असते, बटण समोर दिसतं, कापड ताणलेलं असतं. स्वतःच्या पोटावरचं बटण वरून वाकून बघावं लागतं, ते घट्ट असतं आणि तेव्हा लघवीची घाई असते. हे काम वेगळंच आहे. चौकटीवर आलं म्हणजे अंगावर आलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आता मी काय करते ते लिहिते. चूक वाटेल तिथे सांगा.

पहिले तीन दिवस शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. मूल टी-शर्ट घालताना कुठपर्यंत स्वतः जातं, कुठे थांबतं, कुठे आपल्याकडे बघतं. मग कामाचे टप्पे पाडायचे, आणि तेही त्या मुलाच्या मापाने. एखाद्याला टी-शर्टचे पाच टप्पे पुरतात. दुसऱ्याला ‘मागची बाजू ओळखणं’ हाच तीन टप्प्यांचा धडा होतो.

त्यानंतर बहुतेक वेळा मी शेवटचा टप्पा आधी शिकवते. म्हणजे डोकं, दोन्ही हात सगळं आपण घालून द्यायचं आणि पोटावरचा काठ खाली ओढायचं काम मुलावर सोडायचं. ते जमलं की त्याच्या आधीचा टप्पा, म्हणजे दुसरा हात बाहीतून काढणं. असं मागून पुढे यायचं. याला ‘बॅकवर्ड चेनिंग’ म्हणतात, मी पालकांशी बोलताना ‘उलटी साखळी’ म्हणते. यात काम पूर्ण होण्याचा क्षण दर वेळी मुलाच्या हातात येतो. पहिल्या टप्प्यापासून शिकवलं तर मूल एक पाऊल टाकतं आणि उरलेलं सगळं आपण उरकतो. त्याच्या वाट्याला सुरुवातच येते, शेवट कधी येत नाही.

आणि सगळ्यांत अवघड भाग म्हणजे गप्प बसणं. सूचना एकदाच द्यायची आणि मनात १० पर्यंत मोजायचं. ज्या मुलांना ऐकलेलं समजायला आणि समजलेलं हाताकडे पोचायला वेळ लागतो, त्यांना आपण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा सांगतो. मग त्यांची चाललेली जुळवाजुळव मोडते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मोजायला लागल्यावर मला समजलं की मी किती घाई करते.

तुम्ही घरी हे कसं सांभाळता? विशेषतः जिथे मूल मोठं झालंय आणि सवय जुनी आहे तिथे?

---

चाफेकळी

ताई, हात दूर धरून उभं राहणं वाचलं आणि पोटात कालवलं. माझा मुलगा ११ वर्षांचा, स्वमग्न. तो अगदी तस्साच उभा राहतो. मला वाटायचं ती त्याची एक लकब आहे.

पण खरं सांगू का, सकाळी माझ्याकडे २५ मिनिटं असतात. त्यात दात, आंघोळ, कपडे, डबा आणि धाकटीची वेणी. १० पर्यंत मोजायचं तर प्रत्येक टप्प्याला मोजावं लागेल. शाळेत जमतं ते घरी का जमत नाही याचं उत्तर हेच आहे, आम्हाला इच्छा नसते असं नाही. थेरपीला गेलं की ‘घरी करून घ्या’ म्हणतात आणि मी दर वेळी अपराधी होऊन परत येते.

---

पाऊलवाट

चाफेकळी, सकाळी शिकवूच नका. मनापासून सांगते. सकाळ उरकण्यासाठी आहे, तिथे तुम्ही बिनदिक्कत मदत करा. शिकवायचं ते संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, जेव्हा कुठे पोचायचं नाही. घरी आल्यावर कपडे बदलायचेच असतात, तीच वेळ घ्या. काढणं हे घालण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून सुरुवात काढण्यापासून करा. मोजे काढणं तर सगळ्यांत सोपं : तुम्ही टाचेपर्यंत आणून द्यायचं, त्याने बोटांकडून ओढायचं.

सकाळचा फक्त एक टप्पा त्याचा ठरवा. एकच. तो मात्र कितीही घाई असली तरी तुम्ही करायचा नाही.

---

ओंजळ

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करते. पाऊलवाट यांनी लिहिलेल्याच्या आधीची एक पायरी सांगते, कारण बरेचदा तिथेच घोडं अडलेलं असतं.

मूल बसलंय कसं ते आधी बघा. तोल सांभाळण्यात दोन्ही हात गुंतले असतील तर बटणाला हात उरणार कुठून? पँट उभ्याने घालायची म्हणजे एका पायावर उभं राहायचं. स्नायू सैल असलेल्या किंवा तोल कच्चा असलेल्या मुलासाठी ही कसरतच आहे. बुटक्या स्टुलावर बसवा, पाय पूर्ण जमिनीवर टेकू द्या. काही मुलांना पाठ भिंतींच्या कोपऱ्यात टेकवून खाली बसवलं की एकदम दोन्ही हात मोकळे होतात. मी असं कितीतरी वेळा पाहिलंय, की महिनाभर न जमलेला मोजा बैठक बदलल्यावर तीन-चार दिवसांत जमला.

संडासच्या सीटवरही तेच. पाय लोंबकळत असतील तर मूल पडायच्या भीतीने अंग आवळून धरतं. आवळलेल्या अंगाने शी होत नाही. पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येऊ द्या.

सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होतो ती अवस्था) शरीराची एक बाजू कमजोर असेल तर एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाठ करा : घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी. उलट केलं की कापड ताणलं जातं, हात दुखतो आणि मूल कपड्यांनाच घाबरायला लागतं.

वस्तू बदलायला कचरू नका. चमच्याचा दांडा फोमची नळी चढवून जाड करा. ताटलीखाली न घसरणारी चटई, ताटलीला उभा काठ. चेनला मोठी कडी अडकवा. नाडीच्या जागी इलॅस्टिक, बटणाच्या जागी व्हेल्क्रो. काही पालकांना वाटतं ही पळवाट आहे, ‘खरं’ बटण आलं पाहिजे. मला तसं वाटत नाही. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण वाचता येत नाही असं म्हणत नाही.

आणि दात घासताना ओरडणारी मुलं. त्यातल्या काहींना खरोखर दुखल्यासारखं होतं. पेस्टची चव, फेस, ब्रशचे केस, यातलं नेमकं काय नको आहे ते शोधा. बिनचवीची पेस्ट, मऊ ब्रश, आधी ओठांबाहेर हलका पण स्थिर दाब. मोज्याची शिवण टोचते म्हणून मोजाच नको म्हणणारी मुलं असतात. मोजा उलटा घातला तर चालतो त्यांना.

---

नवखा

मुलगी ६ वर्षांची, निदान होऊन आठ महिने झालेत. धागा अधाशासारखा वाचतोय. आम्हाला सांगितलं होतं की तिच्या हातावर आपला हात ठेवून करून घ्या, म्हणजे सवय लागेल. आम्ही तसंच करतो. पण ती हात एकदम सैल सोडून देते, जणू हात तिचा नाहीच. आमचं काय चुकतंय?

---

कंदील

नवखा, याचं उत्तर मी देतो, कारण तो सैल सोडलेला हात माझा होता.

मी जन्मापासून अंध आहे. वय ४१. लहानपणी घरातले, शाळेतले, पाहुणे, सगळे माझा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवायचे. प्रेमानेच. पण ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी हात हेच डोळे असतात. कोणी तुमचं डोकं दोन्ही हातांनी पकडून ‘इकडे बघ’ म्हणून फिरवलं तर कसं वाटेल? मी हात सैल सोडायचो, कारण सोडला की काम लवकर संपायचं.

मग एक शिक्षिका भेटल्या. त्या स्वतःचा हात माझ्या हाताखाली ठेवायच्या. त्यांचा हात काम करायचा, माझा त्यावर टेकलेला असायचा आणि मला हवा तेव्हा मी काढून घेऊ शकायचो. चमचा कसा धरलाय, मनगट कुठे वळतंय, सगळं कळायचं. मग हळूच त्या आपला हात बाजूला सरकवायच्या आणि चमचा माझ्या बोटांत राहायचा. हाताखाली हात. फरक फक्त वर-खालीचा आहे, पण एकात मला नेलं जात होतं आणि दुसऱ्यात मी जात होतो.

घरी काय काय उपयोगी पडतं तेही लिहून ठेवतो. वस्तूची जागा एकच, आणि घरातल्या डोळसांनीही ती पाळायची. माझ्या ब्रशला रबरबँड गुंडाळलेला असतो. पेस्ट मी ब्रशवर काढायचा नाद सोडला, सरळ बोटावर किंवा जिभेवर घेतो. ताटलीतलं घड्याळाच्या काट्यांवर सांगतात : ३ वाजता अमुक, ६ वाजता तमुक. कपड्यांच्या आतल्या बाजूला मागे एक गाठ शिवलेली असते, म्हणजे पुढचं-मागचं कळतं. शॅम्पू आणि साबणाच्या बाटल्या वेगळ्या आकाराच्याच घ्यायच्या.

---

ओंजळ

कंदील यांच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. हात धरून करवून घेणं मी पूर्ण सोडलेलं नाही, काही हालचाली अंगालाच कळाव्या लागतात. पण ती सगळ्यांत जड मदत आहे. ज्या दिवशी सुरू करतो त्याच दिवशी ती कशी कमी करायची हे ठरलेलं असावं : आज मनगट, मग कोपर, मग खांद्याला नुसता स्पर्श, मग काहीच नाही.

नवखा, हात सैल पडला की थांबा. जोर लावू नका. तो तिचा नकार आहे.

एक गोष्ट पालकांना नेहमी उलटी वाटते. तोंडी सूचना ही हलकी मदत आणि स्पर्श ही जड, असं आपण धरतो. पण काढून घ्यायला सगळ्यांत चिवट असते ती तोंडी सूचनाच. ‘आता साबण घे, आता घास, आता पाणी घाल’ हे एकदा सुरू झालं की मूल प्रत्येक टप्प्याला आवाजाची वाट बघतं. तुम्ही बाथरूमबाहेर गेलात की तो साबण हातात घेऊन तसाच बसून राहतो. त्यापेक्षा नळाजवळ चार चित्रांची पट्टी लावा. तुम्ही तिथून गेलात तरी पट्टी जागेवर राहते. बोलायच्या ऐवजी चित्राकडे बोट दाखवा, तेही मागे उभं राहून.

---

मंद्र

कंदील यांचं वाचून ॲन सुलिव्हन आठवल्या. मार्च १८८७ मध्ये त्या अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलरला शिकवायला आल्या तेव्हा हेलन सात वर्षांची होत आली होती. पंपाखालच्या पाण्याची आणि ‘पाणी’ या शब्दाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या महिनाभर आधी जेवणाच्या टेबलावर जे झालं ते कमी सांगितलं जातं. ही मुलगी सगळ्यांच्या ताटल्यांत हात घालून खायची आणि घरातले दयेपोटी चालवून घ्यायचे. सुलिव्हनबाईंनी आधी चमचा आणि रुमालाची घडी हाती घेतली.

---

कंदील

मंद्र, हो, पण त्यात जबरदस्तीही बरीच होती, आणि ते चित्र मला आदर्श वाटत नाही. त्यातलं घ्यायचं ते एवढंच, की तिला हे जमेल असं समजून वागणारं पहिलं माणूस तिला भेटलं.

---

नवखा

धन्यवाद ओंजळताई, कंदीलदादा. काल रात्री हाताखाली हात करून पाहिला. चमचा पडला, पण तिने हात काढून घेतला नाही.

दुसरा प्रश्न. डायपर सोडवायचा आहे. एक-दोन दिवसांत टॉयलेट ट्रेनिंग होतं असं एका ठिकाणी वाचलं. आमच्या मुलीला चालेल का?

---

पाऊलवाट

नवखा, त्या झटपट पद्धतीचं मूळ १९७१ मधलं आहे. नेथन ॲझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अक्षम प्रौढांसाठी ती तयार केली. भरपूर प्यायला द्यायचं, थोड्या थोड्या वेळाने सीटवर बसवायचं, कोरडं राहिल्याची लगेच दखल घ्यायची. त्यातलं हे कामाचं आहे आणि आजही वापरतात. पण त्यात ओलं झाल्यावर शिक्षेकडे झुकणारा भागही होता, तो घेऊ नका. दिवसांची मुदत तर घालूच नका.

आधी आठवडाभर नोंद करा : किती वाजता कोरडी, किती वाजता ओली. दीड-दोन तास कोरडी राहत असेल तर सुरुवात करायला हरकत नाही. शीसाठी जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी बसवा. पोटात अन्न गेलं की आतडी आपोआप हलायला लागतात, त्याचा फायदा मिळतो. पाच मिनिटं पुरे, त्याहून जास्त वेळ अडकवून ठेवू नका.

आणि बद्धकोष्ठता आधी तपासून घ्या. कपड्यांत सतत थोडी थोडी पातळ शी लागत असेल तर आपण जुलाब किंवा हट्ट समजतो. पुष्कळदा आत घट्ट शी साचलेली असते आणि तिच्या बाजूने पातळ शी पाझरत असते. मुलाला ती कळतही नाही. तिथे शिकवणं नाही, डॉक्टर हवा.

शाळेतला आणि घरातला शब्द एकच ठेवा, खूणही एकच. घरी जमलं की बाहेरच्या संडासातही मुद्दाम न्या. फ्लशचा आवाज, वेगळी कडी, वेगळा नळ, एवढ्यानेही काही मुलांचं शिकलेलं तिथे चालेनासं होतं.

---

आभाळ

पहिल्यांदाच लिहितोय. मुलगी १२ वर्षांची, डाउन सिंड्रोम. तिची आई नाही. बाकी बरंच तिला येतं, आंघोळ करते, केस विंचरते. आता पाळीचा विचार करून झोप लागत नाही. मी वडील म्हणून हे कसं शिकवू? शिकवावं का? नातेवाईक पाळीच बंद करायला गोळ्या-ऑपरेशनचं सुचवतात.

---

धाकटी

आभाळदादा, नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. ते औषधपाणी डॉक्टरांशी बोलायचं असतं, तेही खरोखर वैद्यकीय कारण असेल तर. सांभाळायला सोपं जावं म्हणून मुलीच्या शरीरावर कायमचा निर्णय करायचा नसतो.

आणि हो, वडील शिकवू शकतात. जमल्यास एखादी विश्वासातली बाई सोबत घ्या, नसेल तर तुम्हीच.

---

पाऊलवाट

आभाळ, तुम्ही पाळी यायच्या आधी विचारताय, म्हणजे अर्धं काम झालंय. मी आजवर जे शिकवलंय ते लिहिते.

आत्तापासून महिन्यातून तीन-चार दिवस कोरडं पॅड लावून राहायची सवय करा. नुसत्या स्पर्शालाच काही मुली घाबरतात, तो प्रश्न आधीच सुटतो. दोन-तीन चड्ड्यांवर पॅडची बाह्यरेषा कपड्याच्या पेनने काढून ठेवा, म्हणजे कुठे चिकटवायचं ते दिसतं. मग पॅडवर लाल रंगाचं पाणी टाकून ‘असं दिसलं की बदलायचं’ हे दाखवा. रक्त म्हणजे जखम, असं त्यांना माहीत असतं, त्यामुळे हे रक्त लागल्याचं नाही हे वेगळं आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

‘भरलं की बदल’ हे ठरवणं अवघड जातं. त्यापेक्षा वेळेवर बदलणं सोपं : उठल्यावर, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, झोपताना. एका पिशवीत पॅड, कागद, जादा चड्डी. वापरलेलं पॅड गुंडाळणं आणि टाकणं हा वेगळा धडा धरा, तो बहुतेक जण विसरतात. आणि याबद्दल कोणाशी बोलायचं, त्या दोन-तीन माणसांची नावं तिच्याबरोबर ठरवा.

डाउन सिंड्रोम असलेली बरीच मुलं बघून चटकन शिकतात, ऐकून तेवढी नाही. फोटोंचा क्रम करा, तिच्याच बाथरूमचे, तिच्याच पिशवीचे. मात्र त्या फोटोंत तिचं शरीर कधीही नको.

---

आभाळ

पिशवी आजच भरली. रंग तिने निवडला. आभार कसे मानू कळत नाही.

---

धाकटी

आता मला पाऊलवाट यांच्या मूळ लेखाशी थोडं भांडायचं आहे, रागावू नका.

माझा मोठा भाऊ ३४ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, चारही हातपाय कडक, व्हीलचेअर. बुद्धी लख्ख. तो स्वतःचं बटण कधीच लावू शकणार नाही. लहानपणी दहा वर्षं रोज तासभर त्याच्याकडून बटणाचा प्रयत्न करून घेतला गेला. त्या तासात त्याला काय काय वाचता आलं असतं, असं तो आजही म्हणतो. ‘सगळं स्वतः’ हे ध्येय ठेवलं की त्याच्यासारखी माणसं कायम नापासच.

त्याला आंघोळ मदतनीस घालतो. पण पाणी किती गरम, केस आज धुवायचे की उद्या, कोणता सदरा, दाढी ठेवायची की काढायची, हे तो ठरवतो. मदतनीस हात लावायच्या आधी ‘आता पाठ घासतो’ असं सांगतो आणि तो ‘हं’ म्हणेपर्यंत थांबतो. दार बंद असतं. औषधांच्या वेळा तो फोनवर स्वतः सांभाळतो आणि गोळी संपायच्या आधी मागवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्षमता आणि अपंगत्वाविषयीच्या २००१ च्या वर्गीकरणात ‘स्वतःची काळजी’ या प्रकरणात आंघोळ, कपडे, शौच, खाणं-पिणं यांच्याबरोबर स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देणंही आहे. हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, मग मी बऱ्याच विषयांत पास आहे.

अजून एक. ज्या मुलाने १५ वर्षं कोणाकडूनही, कधीही, न विचारता कपडे काढून घेतलेत, त्याला नको तो स्पर्श ओळखायला कोण शिकवणार? मदत लागणारच असेल तर विचारून करण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून हवी. अवयवांची खरी नावं शिकवा. कोण मदत करतं आणि कुठे, हे ठरलेलं असू द्या. बाकी कोणालाही ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, शब्दाने जमत नसेल तर खुणेने.

---

पाऊलवाट

धाकटी, रागावणार कशाला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या वहीत ‘येते’, ‘मदतीने येते’, ‘येत नाही’ असे तीनच रकाने आहेत. ‘मदत कशी हवी ते सांगतो’ असा रकानाच नाही. आज आखला.

कोणत्या मुलासाठी बटणावर वेळ घालवायचा आणि कोणासाठी नाही, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण दोन-तीन महिने नीट बैठक, योग्य साधन आणि नोंदी ठेवूनही एकही टप्पा पुढे सरकत नसेल, तर मुलाला जुंपून ठेवण्यापेक्षा बटण बदलावं, या मतावर मी आता आले आहे.

---

ओंजळ

सुरक्षिततेचं राहिलं म्हणून घाईघाईत.

फिट येणाऱ्यांनी बाथरूमला आतून कडी लावू नये. त्याऐवजी दारावर ‘आत आहे’ अशी पाटी फिरवायला शिकवा, घरच्यांनी ती पाळायची. टबापेक्षा शॉवरखाली खुर्चीवर बसून आंघोळ बरी. गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ४९ अंश सेल्सिअसच्या वर नको. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोलवर भाजतं, आणि संवेदना कमी असलेल्यांना ते वेळेवर कळत नाही. क्रम ठरवून द्या : आधी थंड नळ, मग गरम. बंद करताना आधी गरम.

खाताना वारंवार ठसका लागतो, आवाज ओलसर होतो, जेवण तासभर चालतं, अशा मुलाला स्वतः खायला शिकवण्याआधी त्याचं गिळणं तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

---

मंद्र

बक्षिसांचं काय? आमच्या भाच्याला प्रत्येक टप्प्याला गोळी मिळते. आता गोळीशिवाय तो तोंडही धूत नाही.

---

पाऊलवाट

बक्षीस सुरुवातीला, नव्या टप्प्यापुरतं. जुन्या टप्प्याचं हळूहळू काढून घ्यायचं. आणि शक्यतो कामातूनच निघणारं : बूट घातले की बाहेर जायचं, अंग पुसून झालं की आवडत्या गाण्याची वेळ. ‘शाब्बास’ म्हणताना काय जमलं ते सांगा, ‘टाच स्वतः बसवलीस’ असं.

---

चाफेकळी

तीन आठवड्यांनी येतेय. संध्याकाळी मोजे, सकाळी फक्त टी-शर्टचा काठ, एवढंच धरलं होतं. पहिले आठ दिवस तो काठ तसाच पोटावर गुंडाळलेला ठेवून माझ्याकडे बघत उभा राहायचा. एकदा तर तसाच गाडीत जाऊन बसला. मी बोलले नाही. बोलायचं नाही हे इतकं अवघड असतं! नवव्या दिवशी आरशासमोर उभं केलं आणि त्याने तो खाली ओढला. आता डोकं आत गेलं की दोन्ही हात तोच काढतो. मागची बाजू पुढे येते अजून. ओंजळताई, कंदीलदादांची गाठ शिवून बघू का?

---

ओंजळ

शिवा. त्याला दिसतं, तेव्हा ठळक रंगाच्या दोऱ्याने. आणि कपडा पलंगावर पसरून ठेवताना गाठ नेहमी वर, म्हणजे पाठ वर. रोज तसाच.

---

पाऊलवाट

चाफेकळी, वाचून डोळे भरले.

आमच्या मुलाचंही सांगते. त्याच्या पँटचं बटण खरंच फार घट्ट होतं, काज थोडं मोठं करून घेतलं. पहिल्या आठवड्यात ते मी अर्धं काजातून काढून द्यायचे, उरलेलं अर्धं त्याचं. मग चालू आठवड्यात चारदा त्याने पूर्ण स्वतः उघडलं. साधारण ४० सेकंद लागतात. पण पाचव्या दिवशी नेहमीच्या सेविका रजेवर होत्या, बदली आलेल्या बाईंनी मायेने येऊन बटण काढून दिलं आणि दुपारी तो पुन्हा हात दूर धरून उभा. म्हणून आता दारावर मुलांसाठी चित्रं आहेतच, शेजारी मोठ्यांसाठीही एक पाटी लावली आहे : ‘थांबा. मनात १० मोजा.’

बदली बाईंनी ती वाचून विचारलं, “आणि दहा झाले, तरी नाही उघडलं तर?”

मी म्हटलं, “बटणाकडे बोट दाखवा, आणि परत दहा मोजा.”